मोती कुणाचा होता?

भाद्रपदात रामकुंडावर कावळ्याला जो मान मिळतो, तो वर्षभरात एरवी कुणाला मिळत नाही. अण्णांचं भरणी श्राद्ध होतं. दादाने पत्रावळीवर घास ठेवला आणि आम्ही सगळे चार पावलं मागे सरकून उभे राहिलो. समोरच्या देवळाच्या कळसावर कावळा बसलेला. मान तिरकी करून बघत होता, पण खाली येत नव्हता. "अण्णांचं काहीतरी मनात राहिलंय," वहिनी हळूच म्हणाली. दादाचे ओठ हलले. त्याने काय कबूल केलं ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

तेवढ्यात दुतोंड्या मारुतीच्या बाजूने एक कुत्री आली. तपकिरी, बरगड्या दिसणारी, एका कानाच्या टोकाला त्रिकोणी खाच. घाईत नव्हती. रोजचं ठिकाण असावं तिचं. तिने पत्रावळीकडे नाक नेलं आणि गुरुजी ओरडले, "हाड!" दादाने वाकून खडा उचलला. तो तिच्या मांडीला लागला. ती केकाटली आणि पायऱ्यांवरून वर पळाली. मग कावळा आला. वहिनीने डोळे पुसले.

निघताना मी गुरुजींना विचारलं, पंचबलीत कुत्र्याचाही घास असतो ना? ते शांतपणे म्हणाले, "असतो की, ताई. गाय, कुत्रा, कावळा, देव, मुंगी. पण कुत्र्याचा घास घरून काढायचा, दाराबाहेर ठेवायचा. इथे नाही."

दाराबाहेर. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते.

आमचा वाडा पंचवटीत, काळाराम मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. चार बिऱ्हाडं, चौदा माणसं आणि मोती. मोती पांढरा, पाठीवर तपकिरी ठिगळ असलेला. आजी रोज दुपारी अर्धी भाकरी दुधात कुस्करून एका चेपलेल्या जर्मनच्या ताटलीत घालायची आणि दिंडी दरवाज्याबाहेर ठेवायची. आपल्या पोटात घास जाण्याआधी ही ताटली बाहेर गेलीच पाहिजे, असा तिचा नेम होता. अंगात ताप असला तरी तिने तो मोडला नाही. पण मोतीने उंबऱ्यावर पंजा ठेवला, की तीच आजी लाटणं घेऊन उठायची. चुकून त्याचं अंग तिच्या लुगड्याला लागलं तर पुन्हा आंघोळ. भूक भागवायची, पण शिवायचं नाही. दोन्ही गोष्टी ती सारख्याच मनापासून करायची, आणि दोन्हीत तिला धर्मच दिसायचा.

आपली भाषाही अशीच दुभंगलेली आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, त्यांना आपण चार वेद म्हणतो. खंडोबाचा भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतो, देवाचा कुत्रा व्हायला त्याला अभिमान वाटतो. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ही गोष्ट आजी सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. आणि त्याच भाषेत कुणाचं फार वाईट झालं तर त्याचे हाल कुत्रं खाणार नाही, कुणी वाईट मेलं तर कुत्र्याच्या मौतीने मेलं. माणसाला हाकलायचा शब्दसुद्धा आपण कुत्र्याकडून उसना घेतलाय. हाडतूड म्हणताना त्यातला तो 'हाड' ऐकू येतोच. आपण बैलाचा पोळा करतो, गाय-वासराची वसुबारस करतो, नागालाही पंचमीला दूध दाखवतो. कुत्र्याचा दिवस आपल्याकडे नाही. नेपाळात तिहारच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात. कुकुर तिहार म्हणतात त्याला. तिथलं एक छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा रस्त्यावरचं ते कुत्रं माळ घालून इतकं शांत बसलेलं होतं, की मला मोती आठवला.

मी सातवीत असताना उन्हाळ्यात मोतीच्या मानेला जखम झाली. कशाने झाली कुणी बघितलं नाही. आठ दिवसांत तिच्यात अळ्या पडल्या. चारही बिऱ्हाडांतून त्याला खायला मिळत राहिलं, त्या दिवसांत जास्तच मिळालं. कुणी बिस्किट टाकलं, कुणी वरण-भात. पण जनावरांच्या दवाखान्यात त्याला नेलं पाहिजे, हे कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असेल तर ते कुणी बोललं नाही. मीही नाही. त्याने खाणं सोडलं आणि जिन्याखाली जाऊन पडला. वाडाभर वास सुटला तेव्हा सगळ्यांना कळलं.

हातगाडी घेऊन आलेल्या माणसाने दारातून विचारलं, "कुत्रं कुणाचं?"

चौदा माणसांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही. आजी आत जपमाळ ओढत होती. मला अजून आठवतं, तिचा हात थांबला होता.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा समजली. मोती अनेकदा काळारामाच्या महाद्वाराच्या पायरीवर झोपायचा, सावलीला. त्याला तिथून कुणी उठवत नसे. याच दारांसमोर 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. काही वर्षं चालला, आणि दारं उघडली नाहीत. त्याआधी 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यावर हाच प्रश्न होता. जनावरं पाणी पिऊ शकत होती, माणसं नाही. म्हणजे मोतीच्या कुठल्यातरी पूर्वजाला त्या पायरीवर जागा होती आणि हजारो माणसांना नव्हती. प्राण्यांवरच्या प्रेमाबद्दल बोलताना मी हे विसरू शकत नाही. आजीचा 'शिवू नको' हा शब्द फक्त कुत्र्यापुरता नव्हता. आपल्याकडे कुणी "आधी माणसांचं बघा, मग कुत्र्यांचं" असं म्हणालं, तर मला राग येत नाही. त्या म्हणण्यामागे पिढ्यांचा अनुभव असू शकतो. दोघांनाही ढकलणारा हात एकच असतो असं मला वाटतं, पण ते समजावून सांगायची जबाबदारी माझी आहे, त्यांची नाही.

देवळालीला आईच्या ओळखीच्या एक पारशी बाई होत्या. त्यांच्याकडे गेलं की जेवणाआधी त्या ताटातले तीन घास बाजूला काढायच्या. 'कुतरा नो बूक', कुत्र्याचा घास. आजीसारखंच, पण एक फरक होता. त्यांचा कुत्रा घरात, त्यांच्या खुर्चीपाशी बसलेला असायचा. पारशी धर्मात कुत्रं अपवित्र नाही, उलट पवित्र आहे. माणूस गेला की त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. सगदीद म्हणतात त्या विधीला. आमच्याकडे श्राद्धाच्या घासाला तोंड लावेल म्हणून त्याला खडा, आणि पंधरा किलोमीटरवर देवळालीत, शेवटचा निरोप त्याच्या नजरेतून. 1832 मध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी मुंबईत बेवारस कुत्री मारण्याची मोहीम जोरात चालवली, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, दंगल झाली. त्याच्या आठच वर्षं आधी, 1824 मध्ये, लंडनमध्ये प्राण्यांवरची क्रूरता थांबवण्यासाठी पहिली संस्था स्थापन झाली होती. एकाच राज्यकर्त्यांची ही दोन शहरं.

माझी मुलगी मुक्ता जर्मनीत हॅनोव्हरला असते. तिने कुत्रा पाळायचं ठरवलं तेव्हा आधी तिला लेखी परीक्षा द्यावी लागली. मला वाटलं ती गंमत करतेय. तिथे त्या राज्यात, लोअर सॅक्सनीत, पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला हे ज्ञान सिद्ध करावं लागतं. कुत्रा आणण्याआधी लेखी, मग वर्षभरात प्रत्यक्ष कुत्र्यासह. शिवाय कातडीखाली चिप, नोंदणी, विमा, आणि नगरपालिकेचा कुत्रा-कर. 2002 मध्ये जर्मनीने प्राण्यांचं रक्षण थेट राज्यघटनेत घातलं. हे सगळं ती मला फोनवर सांगत होती आणि मला आमच्या शेजारच्या गल्लीतला सायबेरियन हस्की आठवत होता. नाशिकचा पारा एप्रिलमध्ये चाळिशीला टेकतो. ते बर्फातलं जनावर तेव्हा गॅलरीच्या फरशीला पोट टेकून दिवसभर धापा टाकत पडलेलं असे. पुढच्या पावसाळ्यात तो दिसेनासा झाला. कुणाला तरी देऊन टाकला म्हणाले. कुणाला, ते सांगितलं नाही. कुठलीही परीक्षा न घेता आपण असा जीव विकतो आणि विकत घेतो, याचा मला संताप येतो.

पण मुक्ताने आणलेली कुत्री जर्मनीतली नाही. रोमानियातल्या रस्त्यावरून उचलून, लस टोचून, कागदपत्रं करून एका संस्थेने ती तिथे आणली. व्हिडिओ कॉलवर तिने दाखवली. तपकिरी, लांब नाकाची, उभ्या कानांची. "आई, अगदी आपल्या सोसायटीतल्या झिपरीसारखी आहे ना?" खरंच तशीच होती. मी विचारलं, "तुमच्याकडे रस्त्यावर एकही कुत्रं नाही म्हणतेस. मग ती गेली कुठे?" मुक्ताला सांगता आलं नाही. मग मी शोधून वाचलं. गेली म्हणजे मारली गेली. युरोपातल्या शहरांत एकोणिसाव्या शतकात कर, मुसकी, पकडणाऱ्यांच्या गाड्या आणि कोंडवाडे यांतून ज्यांचा मालक नाही ती कुत्री हळूहळू संपवली. आज तिथे जी माया दिसते ती खरी आहे, पण ती या रिकाम्या केलेल्या रस्त्यांवर उभी आहे. इस्तंबूलमध्ये 1910 साली शहर आधुनिक दिसावं म्हणून हजारो कुत्री बोटींत भरून एका ओसाड बेटावर सोडली. पाणी नाही, अन्न नाही. त्यांचं रडणं शहरापर्यंत ऐकू यायचं म्हणतात. त्या शहरातल्या सामान्य मुसलमानांनी शतकानुशतकं गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घातलं होतं. घरात घेत नव्हते, लाळ निषिद्ध मानत होते, पण दारात पाणी ठेवत होते. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्याने पापं माफ झाल्याची गोष्ट त्यांच्याकडेही आहे. आजीला ते लोक लगेच समजले असते.

म्हणून जर्मनीसारखं व्हा, असं मला म्हणता येत नाही. आणि आपण भूतदयावाले म्हणून बरे, असंही आता म्हणता येत नाही. ते का, ते झिपरीमुळे.

झिपरी आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतली. सहा वर्षं मी तिला सकाळ-संध्याकाळ पोळी आणि उरलेला भात घालत होते. तेवढं केलं की मला वाटायचं, आजीचा नेम चालवला. दर भाद्रपदात तिच्यामागे कुत्र्यांची झुंबड, आणि दोन महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत, जिन्याखाली पाच-सहा पिल्लं. त्यातली निम्मी पार्व्होच्या आजाराने नाहीतर गाडीखाली जायची. मी हळहळायचे, पोतं अंथरायचे, दूध ठेवायचे. पुन्हा भाद्रपद यायचा.

चौथ्या खेपेला दुसऱ्या मजल्यावरचा आठ वर्षांचा मुलगा चेंडू काढायला जिन्याखाली वाकला आणि झिपरी त्याच्या पोटरीला चावली. पिल्लं चार दिवसांची होती. तिच्या बाजूने तिचं बरोबरच होतं, पण दात चांगले खोल गेले होते. त्याची आई हळद घेऊन धावत आली. मी तिचा हात धरला आणि मुलाचा पाय नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धरून ठेवला. तो किंचाळत होता. मग सरकारी दवाखाना, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, आणि लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कुणी वाचत नाही, म्हणून या तारखा चुकवून चालत नाहीत. चारही खेपांना मी बरोबर गेले. तिसऱ्या खेपेला रिक्षात त्याची आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, खायला तुम्ही घालता आणि चावते माझ्या मुलाला."

मला उत्तर नव्हतं. हातगाडीवाल्याला जसं वाड्यात कुणाकडे उत्तर नव्हतं, तसंच.

1926 मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठ बेवारस कुत्री मारवली तेव्हा मोठा गदारोळ झाला. सगळ्यांना वाटलं गांधीजी निषेध करतील. त्यांनी तसं केलं नाही. 'यंग इंडिया'त लेखामागून लेख लिहून त्यांनी सांगितलं, की बेवारस कुत्री आकाशातून पडत नाहीत, ती समाजाच्या आळसाची आणि बेफिकिरीची खूण आहेत. ज्याला दया दाखवायची आहे त्याने कुत्र्याची पूर्ण जबाबदारी घ्यावी. रस्त्यावर तुकडा टाकून पुण्य मिळवणं ही दया नव्हे. त्यांचा मारण्याचा निष्कर्ष मला पटत नाही. तेव्हा नसलेला एक उपाय आज आपल्या हातात आहे. पण तुकड्याबद्दलचं ते म्हणणं मी वाचलं आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

उपाय नवा नाही. कुत्र्याला पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची, आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. 2001 पासून देशात त्याचे नियम आहेत, 2023 मध्ये ते नव्याने आले. परत तिथेच का सोडायचं, हे लोकांना पटत नाही, मलाही आधी पटत नव्हतं. पण गल्ली रिकामी राहत नाही. जिथे उकिरडा आहे तिथे दुसरं कुत्रं येतं, लस नसलेलं, ओळख नसलेलं. ओळखीचं, टोचलेलं, पिल्लं न होणारं कुत्रं त्या जागेवर असणं हीच वस्तीची सोय. रामकुंडावरच्या त्या कुत्रीच्या कानाची खाच मला तेव्हा कळली. कुणीतरी तिच्यासाठी हे सगळं केलेलं होतं. आम्ही तिला खडा मारला होता.

झिपरीला जाळी टाकून नेलं तो दिवस वाईट होता. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून जात नाही. पाच दिवसांनी ती परत आली, कान कापलेला, पोटावर टाके, आणि पंधरा दिवस माझ्या हातची पोळी तिने खाल्ली नाही. मी रोज ठेवत राहिले, लांबून.

तिच्या शेवटच्या पिल्लांतलं एक मी मामेभावाला दिलं होतं, निफाडजवळ त्याची द्राक्षबाग आहे. मोकळी हवा, राखणीला काम, मला वाटलं पोराचं सोनं झालं. त्याने त्याला पडवीबाहेर साखळीला बांधलं. तिकडे सगळेच बांधतात. पौषातल्या एका रात्री बिबट्याने नेलं. सकाळी साखळी तेवढी उरली होती. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात उसाच्या पट्ट्यात झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के वाटा पाळीव आणि गल्लीतल्या कुत्र्यांचा निघाला होता. बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला दारापर्यंत बोलावणंच, आणि त्याच पडवीत लेकरं झोपतात. मामेभाऊ वाईट माणूस नाही. "ताई, राखणीचं कुत्रं दाराबाहेरच असतं," तो म्हणाला. मी देताना एक प्रश्नही विचारला नव्हता. मुक्ताची परीक्षा मला त्या दिवशी फार आठवली.

2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीतल्या कुत्र्यांबद्दलचा आदेश आला. सगळी उचलून निवाऱ्यात ठेवा, असा. अकरा दिवसांनी तो बदलला. नसबंदी आणि लस करून परत सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. आणि खायला घालायचं ते ठरवलेल्या जागीच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवसांत माणसं एकमेकांशी जे बोलली ते वाचवत नव्हतं. मी लांबलचक काही लिहिलं नाही. झिपरीच्या लसीचं कार्ड टाकलं, फोटो काढून. खाण्याची जागा जिन्याजवळून हलवून मागच्या भिंतीपाशी नेली, मुलं खेळतात तिथून लांब, आणि खाऊन झालं की ती जागा धुते, हेही लिहिलं. कुणी काही उत्तर दिलं नाही. दोघांनी ग्रुप सोडला.

गेल्या आठवड्यात मागच्या भिंतीपाशी उभी होते. झिपरी आता म्हातारी झालीय, सावकाश खाते. दुसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा, आता माझ्या खांद्याएवढा, सायकल घेऊन जिन्यापाशी थांबला. तो अजून तिच्या जवळ येत नाही आणि मी त्याला कधी ये म्हणत नाही. त्याची आई त्याच्यामागून आली. थोडा वेळ दोघं बघत राहिले.

"काकू," ती म्हणाली, "तुमच्या कुत्रीचं यंदाचं इंजेक्शन झालं का?"

"झालं," मी म्हटलं. "मागच्या मंगळवारी."